वाघ हसतो का?

दिवाळीची सुटी आठ दिवसांवर आली की मुलांचे मन वर्गात राहत नाही. ते मामाच्या गावी गेलेले असते, नाहीतर घरी सांजोऱ्यांच्या डब्याभोवती घोटाळत असते. अशा दिवसांत गणिताचा हट्ट मी धरत नाही. चित्रांची पुस्तके काढतो, मुलांना भोवती गोल बसवतो आणि एकेक पान उलटीत जातो. गेल्या वर्षी याच दिवसांत मी एक नवे पुस्तक वर्गात नेले. माझ्या मेहुण्याने ते मुंबईहून माझ्या मुलीसाठी पाठवले होते. जाड पुठ्ठ्याची बांधणी, गुळगुळीत कागद, आणि रंग तर असे की हाताला लागतील! विषय जंगलातल्या सफारीचा. पुस्तकाचे नाव आणि प्रकाशक मी सांगत नाही. दोष त्या एकट्याचा नाही. त्याची सख्खी-चुलत भावंडे दुकानांतून पुष्कळ मांडलेली असतात, आणि वाचकहो, तुमच्याही घरात त्यांतले एखादे असेल.

कथा थोडक्यात अशी. एक मुलगा आणि एक मुलगी काकांबरोबर जंगल पाहायला निघतात. डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, बसायला उघडी जीप. पान उलटले की एक प्राणी भेटतो. हत्ती भेटतो, झेब्रा भेटतो, सिंह, पाणघोडा, माकड, आणि शेवटून दुसऱ्या पानावर जिराफाच्या शेजारी उभा असलेला पट्टेरी वाघ. सगळे प्राणी हसतमुख. मुले त्यांना हात करतात, प्राणी मुलांना पंजे हलवून दाखवतात. संध्याकाळी मंडळी घरी येतात आणि आईला सांगतात, खूप मजा आली.

माझ्या वर्गाने पुस्तक मन लावून पाहिले, हे कबूल केले पाहिजे. रंगीत चित्राला मूल कधी नाही म्हणत नाही. पण मागे बसलेल्या एका मुलाने शेवटी विचारले, "गुर्जी, वाघ हासस का?"

मी म्हटले, "नाही रे, चित्रात हसतो."

"मंग त्याले भ्यावानं कसाले?"

बाकीची मुले हसली. तो हसला नाही. त्याच्या मावशीचे गाव चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आहे. २०१७ साली त्या भागात बिबट्याने माणसे मारली, आणि अखेर डिसेंबरात त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. हा मुलगा त्या सुमारास पाळण्यात होता. पण कापूस वेचायला गेलेली बाईमाणसे दिवस मावळण्याच्या आत घाईघाईने घरी कशी येत, हे त्याने मावशीच्या तोंडून ऐकलेले आहे. त्याच्या घरात रानाच्या जनावराला एक वजन आहे. पुस्तकातल्या जनावराला ते नव्हते. त्याला पडलेला प्रश्न हा समीक्षेचाच प्रश्न होता, आणि मी जे पुढे लिहितो आहे ते त्याचे लांबलेले उत्तर आहे.

आधी लहान दोष सांगून टाकतो. वाघ आणि जिराफ एका रानात राहत नाहीत. जिराफ आफ्रिकेचा, वाघ आशियाचा. चित्रकाराने दोघांना एका झाडाखाली उभे केले ते शोभेसाठी. मास्तरकीच्या सवयीने मी त्यावर लाल शाई चालवीन. पण अशा चुकीने पुस्तक मरत नाही. परीकथेत यापेक्षा मोठ्या चुका गोड लागतात. दुसरा दोष अधिक खोल आहे. त्या रानात माणूसच नाही. जीपमधले तिघे सोडले तर लाकडे आणणारी बाई नाही, गुराखी नाही, झोपडी नाही, पायवाटसुद्धा नाही. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा राहतात; मोह वेचतात, गुरे चारतात, रात्री अंगणात निजतात. त्यांची मुले खाली शाळेत येतात. अशा मुलाने हे पुस्तक उघडले तर त्याला त्यात आपण सापडणार नाही. सापडले तर फार तर हात हलवणाऱ्या प्राण्यांच्या रांगेत.

पण सगळ्यांत मोठा दोष तो, जो त्या मुलाने नेमका पकडला. या पुस्तकातून भय काढून घेतलेले आहे. मुलांना भय वाटू नये ही लेखकाची इच्छा प्रेमळ असेल. परंतु भय काढले की त्याबरोबर वाघही निघून जातो. उरते ते पट्ट्यापट्ट्यांचे मांजर. ज्याला भिण्याचे कारण नाही त्याच्याविषयी आदर वाटण्याचेही कारण उरत नाही, आणि उद्या तो नाहीसा झाला तर फक्त एक चित्र कमी झाले असे वाटेल.

हे असे का होते? माझ्या मते, मुलाला कोठे उभे करायचे हे चित्रकार पहिल्याच पानावर ठरवतो, आणि पुढचे सगळे त्यावरून ठरते. या पुस्तकात मूल जीपमध्ये बसलेले आहे. जीप चालते, प्राणी एकामागून एक समोर येतात, आणि मुलाला पाहण्यापलीकडे काही करावे लागत नाही. 'सफारी' हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ प्रवास. मूळ अरबी 'सफर', जो आपल्याही भाषेत नांदतो आहे. साहेब लोक बंदुका घेऊन त्या मुलखात जाऊ लागले तेव्हा त्या साध्या शब्दाला शिकारीचा वास आला. पुढे बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण बसण्याची जागा तीच राहिली. उंचावर, सुरक्षित, आणि समोरच्या जनावराची मोजणी करीत.

ही जागा आम्हा धरणगावकरांना परकी नाही. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी खानदेशात आला. त्याने भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे धरणगावला ठेवले. दुष्काळाने आणि पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने त्या काळी खानदेशातली गावेच्या गावे ओस पडली होती, शेतांत रान माजले होते आणि त्या रानात वाघ होते. औट्रम शिकारीचा शौकी. भिल्लांचा विश्वास त्याने मिळवला त्यात बरोबर केलेल्या शिकारींचा वाटा मोठा होता. १८८० साली निघालेल्या गोल्डस्मिडकृत चरित्रात त्याचा हिशेब दिलेला आहे: १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत १९१ वाघांच्या मृत्यूच्या वेळी औट्रम जातीने हजर होता. एकशे एक्याण्णव! माझ्या शाळेच्या हजेरीपटावर तितकी मुले भरायला अनेक वर्ग एकत्र करावे लागतील.

यात औट्रमला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. त्या काळी वाघ मारणे हे पुण्यकर्म समजले जाई, आणि ज्यांची गुरे जात त्यांना ते तसे वाटणे स्वाभाविकही होते. पण पुढची गंमत पाहा. चाळीसगावहून कन्नडला चढणारा घाट त्याच्या नावाने ओळखला जातो. १९८६ साली त्या डोंगरांत अभयारण्य झाले, तेव्हा त्याचे नाव पडले गौताळा-औट्रमघाट. एवढ्या वाघांचा शेवट पाहिलेल्या माणसाचे नाव जनावरांना अभय देणाऱ्या रानाला! इतिहासाने केलेला हा विनोद कोणत्याही बालपुस्तकातल्या विनोदापेक्षा सरस आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या मुलखातून वाघ असे हिशेबाने गेले तिथल्या मुलांच्या हातात पुन्हा हिशेबाचेच पुस्तक द्यावे का? एक हत्ती, दोन झेब्रे, एक वाघ, पाहिले, झाले.

मग चांगले पुस्तक कोणते? नुसती तक्रार करून उठणे मास्तराला शोभत नाही, म्हणून दोन पुस्तकांची नावे घेतो.

पहिले विलायतेचे, पण गोष्ट अगदी या सफारीसारखीच. 'वी आर गोइंग ऑन अ बेअर हंट' हे मायकेल रोझन यांचे पुस्तक १९८९ साली निघाले. चित्रे हेलन ऑक्सनबरी यांची. एक कुटुंब अस्वलाच्या शोधात निघते. जीप नाही, बंदूक नाही, पायी. वाटेत उंच गवत लागते, नदी लागते, चिखल, जंगल, हिमवादळ लागते. प्रत्येक वेळी त्यातूनच जावे लागते. शेवटी गुहा. गुहेत खरेच अस्वल असते. मग सगळी वाट उलटी पळत घर गाठायचे आणि पांघरुणात शिरायचे! एक जोडपान काळ्यापांढऱ्या रेषांचे, पुढचे रंगीत, अशी चित्रांची चाल आहे; त्यामुळे पान उलटताना मुलाचा श्वास थांबतो आणि सुटतो. गुहेच्या पानाला माझा सगळा वर्ग गप्प झाला. जीपच्या पुस्तकात असा एकही क्षण आला नव्हता.

आणि या पुस्तकाचे खरे मर्म गोष्ट संपल्यावर येते. शब्द संपले आहेत, घराचे दार लागले आहे, आणि अखेरच्या चित्रात ते अस्वल एकटेच, खाली मान घालून समुद्रकिनाऱ्याने परत चालले आहे. त्यावर एक अक्षर छापलेले नाही. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "त्याला खेळायचं होतं का गुरुजी?" दुसरा म्हणाला, "नाही, त्याला खायचं होतं, मिळालं नाही." दोघांची चांगलीच जुंपली. मी निकाल दिला नाही. ज्याला आपण भिऊन पळालो त्याचेही काही मन असेल, एवढा संशय मुलांच्या मनात पडला होता, आणि तो भयातून गेल्यामुळेच पडला होता. सातपुड्याच्या अस्वलाला मोहाची फुले आवडतात हे आमच्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यांच्यासाठी ही गोष्ट विलायतेची राहिलीच नाही.

दुसरे पुस्तक आपल्या देशातले. 'टायगर ऑन अ ट्री', लेखिका अनुष्का रविशंकर, चित्रकार पुलक बिस्वास, चेन्नईच्या तारा प्रकाशनाने १९९७ साली काढलेले. जळगावच्या एका मित्राकडून ते मला वाचायला मिळाले. रंग म्हणाल तर केशरी आणि काळा, बस्स. गुळगुळीत सफारीच्या रंगपंचमीपुढे ते दरिद्री वाटावे. पण पुलकबाबूंची काळी रेषा अशी जोरकस आहे की वाघ कागदातून अंग बाहेर काढतो. गोष्ट गमतीची आहे. वाघ पाणी ओलांडून अलीकडे येतो, एका प्राण्याच्या ओरडण्याने दचकतो आणि झाडावर चढून बसतो. माणसे जमतात. आधी कोणाचा विश्वास बसत नाही. मग जाळे येते, गलका होतो, वाघ पकडला जातो. आता याचे करायचे काय? गावात कोणतीही सभा भरली की जसे होते तसेच तिथे होते: ज्याला जे सुचेल ते तो सुचवतो, आणि बहुतेक सूचना अचाट असतात. शेवटी एकाला सुचते, सोडून द्यावे.

या पुस्तकात भय दोन्हीकडे आहे. माणसे वाघाला भितात आणि वाघ माणसांना भितो. आणि झाडावर बसलेल्या वाघाचा चेहरा पाहिला की हसूही येते. हे हसू आणि जीपच्या पुस्तकातले हसू यांत फरक आहे. तिथे वाघ हसत होता म्हणून मूल हसले नाही. इथे वाघ हसत नाही, म्हणून हसायला येते.

हसण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक नाव घेतो. 'टिंकल' मासिकातला शिकारी शंभू घराघरांतल्या आईबापांना आठवत असेल. १९८३ साली लुईस फर्नांडिस आणि चित्रकार वसंत हळबे यांनी तो जन्माला घातला. डोळ्यांवर ओढलेली साहेबी टोपी, हातात बंदूक, आणि काळीज सशाचे! हा शूर म्हणून नावाजलेला शिकारी जनावर दिसले की पळत सुटतो, आणि योगायोगाने जनावर सापडते. हळब्यांनी शंभूचे डोळे टोपीखाली झाकून ठेवले, ही मला फार मार्मिक गोष्ट वाटते. शिकारी म्हणून मिरवणाऱ्याला समोरचे रान दिसतच नाही! औट्रमच्या काळापासून चालत आलेल्या बंदुकीच्या ऐटीवर एका मराठी चित्रकाराने असे हसत हसत पाणी ओतले, आणि ते काम उपदेशाच्या शंभर पाठांनी झाले नसते.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही वाघ सोडून द्या म्हणणारे पुस्तक वाखाणता. पण गिरणाकाठच्या त्या मावशीला जाऊन हे वाचून दाखवाल का? हा आक्षेप मला खोडता येत नाही. ज्या घरातले माणूस गेले तिथे कोणतेही चित्रपुस्तक घेऊन जाण्याचे धैर्य मला नाही. पण तशा घरातल्या मुलाला कोणते पुस्तक कमी खोटे वाटेल, हे मी सांगू शकतो. हसरा वाघ त्याला खोटा वाटेल. दात विचकणारा, रक्ताने माखलेला राक्षसही काही दिवसांनी खोटाच वाटेल, कारण रानात राहणाऱ्यांना जनावर राक्षस नाही हे ठाऊक असते. भुकेने किंवा भीतीने चालणारा, आपल्या वाटेने जाणारा, आपल्यासारखाच चुकणारा वाघ त्याला ओळखता येईल. आपल्या डोंगराळ भागातल्या आदिवासींना ते कधीचे कळले आहे. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी सह्याद्रीतल्या आदिवासी वाड्यापाड्यांवर वाघबारस असते. वाघदेवाला शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात, गुरे सांभाळ म्हणून विनवतात. ज्याला भितो त्यालाच हात जोडून शेजारी राहायचे, असा हा व्यवहार आहे.

हे सगळे मराठी चित्रपुस्तकात का येऊ नये? मोठ्यांसाठी आपल्याकडे रान पुष्कळ लिहिले गेले. व्यंकटेश माडगूळकरांनी १९८२ साली 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांची कथा सांगितली. मारुती चितमपल्लींनी आयुष्य जंगलात काढून ते आपल्या भाषेत आणले. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन दाखवावे असे सातपुड्याचे चित्रपुस्तक माझ्या शाळेच्या कपाटात आजही नाही. आणि ही उणीव धरणगावला अधिक बोचली पाहिजे. बालकवी १८९० साली याच गावात जन्मले. 'फुलराणी' लिहिताना ते फुलाकडे वरून पाहत नाहीत. गवताच्या उंचीला उतरून पाहतात. चित्रपुस्तक काढणाऱ्याने एवढा एकच धडा त्यांच्याकडून घेतला तरी तो जीपमधून खाली उतरेल.

विषय हवा असेल तर तो पायाशी पडला आहे. २०२१ साली गौताळ्याच्या रानात एक वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून निघून तो इतक्या दूर पोचला होता. मधला मुलूख डोळ्यांसमोर आणा: कापसाची शेते, तुरीचे बांध, डांबरी रस्ते, रूळ, विहिरीवरचे दिवे, भुंकणारी कुत्री. रात्री तो किती घरांजवळून गेला असेल, आणि आतली माणसे झोपेत असतील! वीस पानांचे पुस्तक. प्रत्येक पानावर रात्र, एक गाव, आणि कोपऱ्यात दोन डोळे. शेवटच्या पानावर औट्रम घाट. शब्द थोडे लागतील, रंगही थोडेच. मात्र काढणाऱ्याला अंधारात चालता आले पाहिजे.

'टायगर ऑन अ ट्री' मी वर्गाला माझ्याच मराठीत सांगितले. वाघ जाळ्यात सापडला त्या पानावर थांबलो आणि मुलांना विचारले, आता काय करायचे? माझ्या वर्गाच्या सूचना पुस्तकातल्यांपेक्षा कमी अचाट नव्हत्या. एकाने त्याला जळगावच्या बसमध्ये बसवून द्यायला सांगितले. मी मागे पाहिले. मावशीचे गाव गिरणाकाठी असलेला तो मुलगा बराच वेळ चित्राकडे पाहत होता.

"याले भ्याव वाटी ऱ्हायनं," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "सोडी द्या. पन लांब सोडा."

पान मी त्यानंतर उलटले.